आजारपणातील विद्यासाधना : डॉ. आनंदीबाई जोशी

शिक्षणाच्या वाटेवर दारिद्र्य आडवे येते, रूढी आडव्या येतात. तसाच कधी कधी स्वतःचा देहही आडवा येतो. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या आजाराची रीतच निराळी असते. सर्व सोडून अंथरुणाला खिळावे इतका तो सुरुवातीला तीव्र नसतो आणि विसरून जावे इतका सौम्यही नसतो. दिवसाची दिनचर्या तोच ठरवू पाहतो. अशा आजाराला सोबत घेऊन परदेशी जाणाऱ्या, तेथे वैद्यकशास्त्राचा खडतर अभ्यास पुरा करणाऱ्या आणि पदवी हाती आल्यावर वर्षभराच्या आतच जगाचा निरोप घेणाऱ्या एका तरुण स्त्रीची ही जीवनकथा आहे. ती स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या हिंदू स्त्री होत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी. घराणे एकेकाळी सधन होते. पुढे ते वैभव ओसरले, परंतु जुन्या चालीरीतींचा पगडा मात्र कायम राहिला. मुलीने लहान वयात सासरी जावे, घरकाम शिकावे आणि चार भिंतींच्या आत संसार करावा, एवढीच त्या काळी मुलीच्या आयुष्याची चौकट होती. मुलीने पुस्तक हाती धरले तर घरावर संकट येते, अशी समजूत अनेक कुटुंबांत होती. यमुनेचेही लग्न वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली झाले. वर होते गोपाळराव जोशी. ते टपाल खात्यात नोकरीस होते, विधुर होते आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे त्या काळातील एक विलक्षण गृहस्थ होते. स्त्रियांनी शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पत्नीला आपण शिकवणार, त्यास कोणी हरकत घ्यायची नाही, अशी अट त्यांनी लग्नाच्या वेळीच घातली होती. मात्र हा ध्यास जितका उदात्त, तितकाच त्यांचा स्वभाव हेकेखोर आणि तापट होता. अभ्यास बाजूला ठेवून स्वयंपाकघरात रमलेल्या आपल्या बालपत्नीला त्यांनी मारहाण केल्याचेही आनंदीबाईंच्या चरित्रातून समजते. पत्नीने भाकरी चांगली थापली नाही म्हणून रागावणारे नवरे त्या काळी घरोघर होते. तिने धडा वाचला नाही म्हणून रागावणारा नवरा बहुधा हा एकच असावा. आनंदीबाईंच्या शिक्षणाचा पाया या सक्तीवर घातला गेला. परंतु केवळ सक्तीने कोणी विद्वान होत नाही. हळूहळू अक्षरांची गोडी लागली आणि जी गोष्ट पतीच्या धाकाने सुरू झाली होती, ती त्यांची स्वतःची गरज बनली.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. ते मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय उपचार वेळेवर मिळाले असते, तर कदाचित ते वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. त्या काळी बहुतेक स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास लाजत असत. घरची माणसेही त्यास तयार नसत. दुखणे अंगावर काढायचे, सुईणीच्या अनुभवावर विसंबायचे आणि पुढचे दैवावर सोपवायचे, हाच शिरस्ता होता. वैद्यकशास्त्र शिकलेली स्त्री आपल्या समाजात असेल, तर कितीतरी माता आणि बालके वाचतील, हा विचार आनंदीबाईंच्या मनात या दुःखातून रुजला. पुढे आयुष्यभर तोच त्यांना बळ देत राहिला.

गोपाळरावांच्या नोकरीत वारंवार बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा या दांपत्याचा प्रवास झाला. प्रत्येक गावी आनंदीबाईंचा अभ्यास चालू असे आणि प्रत्येक गावी लोकांची टीकाही चालू असे. पतीबरोबर फिरावयास निघालेली, हातात पुस्तके घेऊन शाळेत जाणारी ब्राह्मण स्त्री पाहून रस्त्यावरचे लोक थांबत, हसत, टोमणे मारीत. घर बदलले, गाव बदलले, भाषा बदलली, तरी या नजरा बदलल्या नाहीत. नियमित शाळा त्यांच्या वाट्याला फार थोडी आली. तरीही मराठीबरोबर त्यांनी इंग्रजीवरही चांगले प्रभुत्व मिळवले.

पत्नीला अमेरिकेत शिक्षणासाठी पाठवावे, असा विचार गोपाळरावांच्या मनात कोल्हापुरात असतानाच आला होता. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास साहाय्यासाठी पत्र लिहिले. धर्मांतर केल्यास मदत होऊ शकेल, असे सुचवण्यात आले. ते या दांपत्याला मान्य नव्हते. मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला आणि त्यातून एक अनपेक्षित दार उघडले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे गेल्या असता तेथे पडलेले ते मासिक त्यांच्या वाचनात आले. शिकू पाहणाऱ्या एका अनोळखी हिंदू मुलीची हकिकत वाचून त्यांचे मन हेलावले. १८८० साली त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या एका पत्रातून दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला आणि पत्रव्यवहारातून मायेचे नाते जुळले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. सण, व्रते, चालीरीती, स्त्रियांची स्थिती अशा कितीतरी विषयांवर या मावशी-भाचीने एकमेकींना लिहिले.

कलकत्त्यास आल्यावर, म्हणजे १८८१ च्या सुमारास, आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. सतत डोके दुखे, अधूनमधून ताप येई, अशक्तपणा जाणवे, कधी धाप लागे. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचाही गुण आला नाही. आता एक मोठा पेच निर्माण झाला. ज्या मुलीला घरच्या हवेत, घरच्या अन्नावर असतानाही आराम पडत नव्हता, तिने सात समुद्रांपलीकडच्या थंड देशात, एकटीने, वर्षानुवर्षे राहावे काय? व्यवहार पाहणाऱ्या कोणालाही याचे उत्तर नाही असेच द्यावेसे वाटले असते. गोपाळरावांना पत्नीच्या प्रकृतीची कल्पना होती. तरीही त्यांनी जाण्याचाच आग्रह धरला. त्यांची नोकरी येथे असल्याने आनंदीबाईंनी एकटीनेच पुढे जावे, असे ठरू लागले. आनंदीबाईंच्या मनातही भीती होती. परंतु मागे फिरण्याची इच्छा नव्हती. अमेरिकेतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव एका डॉक्टर दांपत्याने सुचवले आणि विचाराला दिशा मिळाली.

परदेशगमनाची वार्ता पसरताच चहूकडून विरोध सुरू झाला. समुद्र ओलांडणे हेच त्या काळी पाप मानले जाई. त्यात स्त्रीने आणि तेही एकटीने जावे, ही कल्पनाच लोकांना असह्य झाली. या सर्वांना उत्तर देण्यासाठी आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. हे श्रीरामपूर म्हणजे कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी वसलेले गाव. त्या वेळी आनंदीबाईंचे अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. अमेरिकेत का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय कराल, संकट ओढवले तर काय, आणि जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करता, असे लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून पुढे मांडले आणि त्यांची शांतपणे उत्तरे दिली. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, हे त्यांनी आकळून सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा शब्दही त्यांनी श्रोत्यांना दिला. या भाषणानंतर विरोधाची धार काहीशी बोथट झाली आणि मदतीचा ओघही सुरू झाला.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्त्याचा किनारा सोडला. सोबत काही अमेरिकन मिशनरी स्त्रिया होत्या. परंतु आपले म्हणावे असे माणूस नव्हते. शाकाहारी व्यक्तीला त्या काळच्या आगबोटीवर पोटभर अन्न मिळणे दुरापास्त होते. तब्येत आधीच नाजूक, त्यात अन्नाची आबाळ आणि समुद्राचे हेलकावे. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटर मावशी त्यांना घेण्यास बंदरावर आल्या होत्या. जिचे केवळ अक्षर ओळखीचे होते, ती व्यक्ती आज प्रत्यक्ष समोर उभी होती. त्या उन्हाळ्यात रोझेलच्या घरी आनंदीबाई घरच्या मुलीसारख्या राहिल्या. मोकळी हवा, विश्रांती आणि प्रेमळ माणसे यांमुळे त्यांच्या जिवाला थोडा विसावा मिळाला.

याच काळात त्यांनी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या जगातील पहिल्या काही संस्थांपैकी एक होती. पुरुष डॉक्टरांची मदत घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना उपचार मिळावेत, हा आपला हेतू आनंदीबाईंनी अर्जात स्पष्ट केला. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, हेही त्यांनी लपवले नाही. नियमित शालेय शिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. होती ती केवळ तळमळ आणि घरी केलेल्या अभ्यासाची शिदोरी. महाविद्यालयाच्या डीन डॉ. रेचल बॉडली यांनी ती ओळखली. आनंदीबाईंना तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आणि ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

१८८३ च्या शरद ऋतूत अभ्यासाला प्रारंभ झाला. येथून आनंदीबाईंच्या खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, औषधिविज्ञान, प्रसूतिशास्त्र असे अनेक विषय, तेही परक्या भाषेतून शिकावयाचे होते. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन, टिपणे आणि रात्री पुन्हा वाचन असा क्रम असे. व्याख्यानांचे मुख्य सत्र ऑक्टोबरपासून सुरू होऊन हिवाळाभर चाले. म्हणजे ज्या महिन्यांत अभ्यासाचा भार सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत थंडीचा कडाकाही सर्वांत अधिक. कोकणच्या उबदार हवेत वाढलेल्या देहाला फिलाडेल्फियाचा बर्फ सोसणे कठीण होते. राहत्या खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली की खोली धुराने भरून जाई. थंडीत कुडकुडावे की धुरात गुदमरावे, एवढाच काय तो पर्याय उरे. ज्यांना धाप लागण्याचा त्रास आहे, त्यांच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक.

आहाराचा प्रश्नही तितकाच अवघड होता. मांसाहार न करण्याचा नियम आनंदीबाईंनी कटाक्षाने पाळला. कडाक्याच्या थंडीत शरीराला लागणारे पोषण मिळेल असे शाकाहारी अन्न त्या काळच्या अमेरिकेत सहजासहजी मिळत नसे. दिवसभर महाविद्यालयात राबून आलेल्या विद्यार्थिनीला परत आल्यावर स्वतःसाठी रांधावे लागे. पोशाखाच्या बाबतीत मात्र त्यांनी थोडी तडजोड केली. नऊवारी नेसण्याच्या मराठी पद्धतीत पायांना थंडी बाधते, म्हणून त्या पाय झाकले जातील अशा गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, कुंकू सोडले नाही. केवळ नेसण्याची तऱ्हा बदलली. लोकांना वचन दिलेले, ते पाळायचे होते आणि देहालाही जपायचे होते. या दोन्हींची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता.

दुखण्यासह शिक्षण कसे पार पाडावे, याचे काही मार्ग आनंदीबाईंच्या या तीन वर्षांत दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे ध्येयाची स्पष्टता. आपण काय शिकतो आणि कोणासाठी शिकतो, याविषयी त्यांच्या मनात कधीही संदेह नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे माणसांचा आधार. सुट्ट्यांत रोझेलचे घर त्यांच्यासाठी उघडे असे. तेथे गेले की मायेचे शब्द कानी पडत आणि गेलेली शक्ती थोडीफार भरून येई. महाविद्यालयात डीन बॉडली यांचे त्यांच्याकडे ममतेने लक्ष असे. दूरदेशीच्या इतर विद्यार्थिनीही तेथे होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली यांच्यासमवेत आनंदीबाईंचे १८८५ च्या ऑक्टोबर महिन्यातील एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. त्या छायाचित्रातील आनंदीबाईंचा शांत चेहरा पाहून, त्या किती आजारी होत्या याची कल्पना येत नाही.

परंतु ज्या गोष्टी माणसाच्या हाती नसतात, त्यांच्यापुढे निर्धाराचेही फारसे चालत नाही. शिक्षणाच्या काळात आनंदीबाईंना घटसर्पाच्या दुखण्याने गाठले. त्यातून त्या उठल्या. मात्र अंगातील ताकद पूर्वीसारखी भरून आली नाही. पुढे त्यांच्या शरीरात क्षयाने ठाण मांडले. खोकला, ताप आणि वाढता अशक्तपणा हे नित्याचेच झाले.

क्षयरोग आणि वैद्यकशास्त्र यांचा त्या काळचा संबंध समजून घेतला, तर आनंदीबाईंच्या स्थितीतील करुणा अधिक जाणवते. क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे आणला होता. म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघाल्या, त्याच्या केवळ एक वर्ष आधी. हा रोग जंतूमुळे होतो, हे समजले होते. तो जंतू मारणारे औषध मात्र जगात कोठेही नव्हते. छातीची तपासणी डॉक्टर नळी लावून आवाज ऐकून करीत. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागावयाचा होता. शुद्ध हवा, पूर्ण विश्रांती आणि पौष्टिक आहार एवढाच काय तो उपचार होता. आनंदीबाईंच्या विद्यार्थिदशेत नेमक्या याच तिन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या. जे शास्त्र त्या शिकत होत्या, त्या शास्त्रापाशीच त्यांच्या रोगावर इलाज नव्हता.

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेत आले. पतीच्या येण्याने आनंदीबाईंना धीर आला. परंतु मनस्तापही वाट्याला आला. गोपाळराव परखड आणि विक्षिप्त. अमेरिकेतील समाजावर ते जाहीरपणे कठोर टीका करीत. ज्या लोकांनी पत्नीला आधार दिला होता, त्यांनाही त्यांचे बोलणे खटके. पतीचा मान आणि मित्रमंडळींचा स्नेह या दोहोंत तोल सांभाळण्याची कसरत आनंदीबाईंना करावी लागली. आजारी माणसाला औषधाइतकीच मनःशांतीचीही गरज असते. अखेरच्या वर्षात ती त्यांना फारशी लाभली नाही. तरीही त्यांनी अभ्यासात खंड पडू दिला नाही. पदवीसाठी त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. आपल्या परंपरेतील ज्ञान आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या मातेने प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडावा, यात नवल नाही.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. साडी नेसलेल्या आनंदीबाईंनी पदवी स्वीकारली, तेव्हा सभागृह टाळ्यांच्या कडकडाटाने दुमदुमले. त्यांच्या नात्यातील विदुषी पंडिता रमाबाई या सोहळ्यासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्या दिवशी आनंदीबाई एकवीस वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. कधीकाळी हातात पुस्तक दिसले म्हणून रस्त्यावरच्या लोकांनी जिला हिणवले, ती मुलगी आता डॉक्टर झाली होती.

लवकरच कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून बोलावले. ज्या कोल्हापुरात परदेशी शिकण्याची कल्पना प्रथम सुचली, तेथेच सेवेची संधी चालून आली. आयुष्याचे वर्तुळ पूर्ण होत होते. मात्र देहाची साथ सुटत चालली होती. अमेरिकेतील अखेरच्या महिन्यांत प्रकृती झपाट्याने खालावली. परतीचा प्रवास त्यांनी आजारी अवस्थेतच केला. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या. जाताना ज्यांनी नावे ठेवली होती, त्यांच्यापैकी अनेकजण आता स्वागतास पुढे आले. पण हे कौतुक अनुभवण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयाची पायरी चढणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुण्यास नातलगांच्या घरी त्यांच्यावर उपचार सुरू झाले. त्यांना यश आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अखेरचा श्वास घेतला. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास अवघा महिना उरला होता. ज्यांनी आयुष्यभर डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला, त्यांना डॉक्टर म्हणून आपल्या देशातील एकाही स्त्रीची सेवा रुग्णालयात करता आली नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेस कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या जतन करण्यात आल्या. जन्म महाराष्ट्रात, शिक्षण अमेरिकेत, मृत्यू पुण्यात आणि विसावा पुन्हा अमेरिकेत, असा हा अल्पायुषी जीवनाचा प्रवास. १८८८ साली कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीने ही कथा मराठी घराघरांत पोहोचवली. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही जोशी हे नाव देऊन त्यांच्या स्मृतीचा गौरव करण्यात आला आहे.

आनंदीबाईंनी चालून दाखवलेली वाट पुढे ओस पडली नाही. १८८६ सालीच बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी वैद्यकीय पात्रता मिळवली आणि पुढे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात लढणाऱ्या रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. आनंदीबाईंना जे करता आले नाही, ते त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांनी करून दाखवले.

आनंदीबाईंच्या चरित्राकडे पाहताना केवळ धैर्याचे कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. त्यांनी आपल्या जिद्दीची फार मोठी किंमत मोजली. दुखणे अंगावर काढून अभ्यास करणे हा त्यांनी घालून दिलेला आदर्श नव्हे. ती त्यांच्या काळाने त्यांच्यावर लादलेली सक्ती होती. उबदार खोली, पुरेसा सकस आहार, थोडी उसंत आणि परिणामकारक औषध या चार गोष्टी मिळाल्या असत्या, तर कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी किती स्त्रियांचे प्राण वाचवले असते, कोण जाणे. आजारी विद्यार्थ्याची जिद्द जितकी महत्त्वाची, तितकीच त्याच्या भोवतालच्या माणसांची समजूतही महत्त्वाची, हेच त्यांच्या जीवनातून अधोरेखित होते. कार्पेंटर मावशींच्या मायेने आणि डीन बॉडली यांच्या आस्थेने त्यांना पदवीपर्यंत पोहोचवले. जिथे ही समजूत कमी पडली, तिथे देह खचला.

आज परिस्थिती बदलली आहे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला आणि क्षयावर विजय मिळवण्याची वाट मोकळी झाली. आता वेळेवर निदान झाले आणि औषधांचा क्रम न चुकता पुरा केला, तर क्षयरोग पूर्णपणे बरा होऊ शकतो. भारतात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये त्याची तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. दमा, मधुमेह, अपस्मार यांसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांवरही नियंत्रण ठेवून शाळा-महाविद्यालयाचे शिक्षण पूर्ण करता येते. दुखणे लपवण्याची गरज नाही आणि दुखण्यापुढे मान तुकवण्याचीही गरज नाही. उपचार आणि अभ्यास हे दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, ही सोय आज विद्यार्थ्यांना लाभली आहे.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी अशी कोणतीही सोय नसताना एका मुलीने तापाने फणफणलेल्या अंगाने पुस्तक उघडले आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचले. तिचे आयुष्य बावीस वर्षांचेही नव्हते. परंतु त्या थोडक्या वर्षांत तिने जे सिद्ध केले, त्यामुळे पुढच्या अनेक पिढ्यांतील मुलींसाठी वैद्यकशास्त्राचे दार उघडे राहिले.